चिमूटभर भुंगेरे

घाबरली की मनिषाला हसू फुटायचं, आणि या खोडीपायी तिच्या हातची एक नोकरी गेलीही होती. म्हणून बेळगावच्या शाळेत नमुन्याचा पाठ द्यायला निघाली, तेव्हा निपाणीच्या स्टँडवर आई बजावत होती, "ह्या खेपेला दात काढू नकोस गं." मनिषालाही ही नोकरी जिवापाड हवी होती.

पाठ दोन भुंगेऱ्यांचा होता. एका डब्यात शेणकिडा, अंगापेक्षा मोठा गोळा मागच्या पायांनी उलटा ढकलत नेणारा पैलवान. दुसरे तंबाखूतले किडे, तिळाएवढे, तांबूस, पाठीत वाकलेले. ते तिनं तंबाखूसकट वडिलांच्या डबीत भरले होते. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, घरात डबी म्हणजे तीच.

शेणकिड्यानं टेबलावर गोळा असा पळवला की पोरं शिट्ट्या मारू लागली. मनिषा खुशीत आली आणि तिनं डबी टक् करून उघडली. पुढच्या खुर्चीवर संस्थेचे अध्यक्ष मारुतीराव कागद वाचत बसले होते. आपल्याकडं डबी उघडली की हात पुढं करायचा, विचारत बसायचं नाही. मारुतीरावांनी मान वर न करता चिमूट उचलली, तळव्यावर घेतली, खिशातून चुन्याची डबी काढली.

मनिषाच्या पोटात हसू उकळू लागलं. बोलावं तर अध्यक्षांचा पाणउतारा, न बोलावं तर ते भुंगेरे खाणार.

"सर, मळू नका. हातावर भुंगेरे हाईत."

मारुतीरावांनी तळवा डोळ्यांजवळ नेला. "मेल्यात की हे."

"सोंग करत्यात, सर. धक्का लागला की पाय आखडून पडायचं. शेणकिड्याकडं ताकद, ह्यांच्याकडं नाटक."

तेवढ्यात दोन ठिपके उठले आणि अध्यक्षांच्या आयुष्यरेषेवरून चालू लागले. पोरं बाकांवर चढली.

"तंबाखू खाऊन ह्यास्नी काय हुईत न्हाय?" मारुतीरावांनी अगदी मनापासून विचारलं.

"ह्यांच्या अळ्या तंबाखूवरच वाढत्यात. पोटात बारीक यीस्ट असतंय, ते विष पचवतंय." इथं थांबायला हवं होतं. "तुमच्या पोटात न्हाय, सर."

झालं. मनिषा हसत सुटली. नोकरी गेली हे कळलं, तशी आणखीच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मारुतीरावांनी चिमूट जपून तिच्या डबीत परत टाकली. मग खिशातून स्वतःची तंबाखूची पुडी काढून चुन्याच्या डबीसकट टेबलावर ठेवली.

"सोमवारपास्नं या, बाई," ते म्हणाले. "आणि हे तुमच्याकडंच राहू दे."