ठिपक्यांमधली जागा

शिरूरच्या दवाखान्यात ईसीजी काढणाऱ्या रश्मीने रबरी फुगा दाबून गेणबांच्या छातीवरची शेवटची वाटी सोडवली आणि कापसाने जेल पुसून घेतले. महिन्याभरातला हा तिसरा ईसीजी. तिसऱ्यांदा निर्दोष.

डॉक्टरांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. "आबा, हृदय ठणठणीत आहे. चक्कर अशक्तपणाने येत असणार. टॉनिक लिहून देतो."

"म्या तरी दुसरं काय सांगत व्हतो?" गेणबा सदरा चढवत म्हणाले. "पर हिला खूळ लागलंय. धार काढून जरा टेकलो, की धरली माझी नाडी! आजारी मेंढराकडं बघावं तसं बघती माझ्याकडं."

त्यांची बायको म्हाळसा पुढे झाली. पिशवीतून जुन्या पटक्याचा तुकडा काढून तिने टेबलावर पसरला. पांढऱ्या कापडावर लाल ठिपक्यांच्या रांगा होत्या. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायची काव तिने त्यासाठी वापरली होती.

"येक ठोका, येक ठिपका," ती म्हणाली. "डाव्या हातानं नाडी धरायची, उजव्यानं ठिपका. ठोका पडो न पडो, हात म्होरं सरकवत ऱ्हायचा." तिसऱ्या रांगेतल्या मोकळ्या जागेवर तिने बोट टेकवले. "हितं ह्यांचं डोळं फिरलं."

डॉक्टर हसले; हसण्यात कुत्सितपणा नव्हता. "आजी, मशीनला दिसलं नाही ते कापडाला कसं दिसेल?" आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतले.

रश्मी दौंडच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली होती. कापडाची घडी घालता घालता तिचे हात थबकले. मशीन तरी वेगळे काय करते? एका वेगाने कागद सरकवते, एवढेच; तेही काही सेकंद. प्रश्न फक्त म्हातारीच्या हाताचा होता.

बाहेरच्या बाकावर तिने कागदाची लांब पट्टी अंथरली आणि शिक्क्याचा पॅड उघडून ठेवला.

"आजी, आता माझी नाडी धरा."

घड्याळ लावून अर्धा मिनिट. मग पुन्हा अर्धा. पहिली ओळ अठरा इंच भरली, दुसरी पाव इंचाने कमी. रश्मीने मोजपट्टी दोनदा लावून पाहिली.

"हात इतका सारखा कसा चालतो हो तुमचा?"

"जल्म लोकर कातण्यात गेला, पोरी. हात अडखळला की सूत तुटतंय."

"आन् माझं डोस्कंबी फिरतंय," गेणबा पलीकडून म्हणाले.

कापडावरची मोकळी जागा सव्वादोन इंच होती. तीस सेकंदांत अठरा इंच, तर सव्वादोन इंचांना किती? रश्मीने कागदाच्या कडेला गणित मांडले, तपासले आणि पेशंट बाहेर पडताच आत गेली.

"सर, पावणेचार सेकंद ठोका पडलेला नाही. मी मोजून बघितलंय."

डॉक्टरांनी तिच्या हातातली मोजपट्टी घेतली. तिचे आकडे बाजूला ठेवून स्वतः मापले.  मग टॉनिकची चिठ्ठी फाडून त्यांनी पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना पत्र लिहायला घेतले. चोवीस तास छातीला लावून ठेवायचे मशीन तेव्हा शिरूरमध्ये नव्हते.

"आजच निघायचं, आजी. यांना एकटं सोडू नका. ठोके सांभाळणारं यंत्र बसवावं लागेल कदाचित. पण बरं झालं, वेळेत कळलं." मग रश्मीकडे वळून ते म्हणाले, "हे कापड पत्राला जोडा. फॉर्म नीट भरा."

फॉर्मवर 'नोंद घेणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. त्यात रश्मी रोज स्वतःचे नाव लिहायची. आज तिने पेन उचलले.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"माझं कशापायी? दुखणं ह्यांचं हाय." पूर्ण नावात नवऱ्याचे नाव घ्यावे लागणार होते. म्हाळसाने पदर तोंडाशी नेला.

गेणबा बाकावरून उठले आणि टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"लिवा," ते म्हणाले. "म्हाळसा गेणबा कोकरे. ऱ्हाणार वडगाव रासाई. चांगलं ठसठशीत लिवा, पुण्यातल्या डाक्टरला वाचाय आलं पायजे."