बारा पावलं

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. आठवडाभर तो लोकांच्या पँटी शिवायचा आणि रविवारी राज्य लीगमध्ये गोल राखायचा. मैदानावर चुन्याच्या रेषा आखायचे त्याचे वडील. तीस वर्षं आखत होते, पण टेपला कधी हात लावला असेल तर शपथ! गोलरेषेपासून बारा पावलं मोजायची आणि पेनल्टीचा ठिपका द्यायचा, झालं.

त्या मोसमात घरच्या मैदानावर संघावर तीन पेनल्टी बसल्या. तिन्ही आत. संघ तळाला चालला होता आणि मास्तरला वाटायचं, आपण झोपेत उडी मारतोय, हात पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी धुकं होतं. मैदान अधांतरी तरंगत असल्यासारखं दिसत होतं, आणि त्यात तो पांढरा ठिपका. मास्तर बघतच राहिला. कापड बेतणारी नजर ती, चुकायची नाही. ठिपका गोलच्या बाजूला चांगला हातभर आत होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचं पाऊल आखूड पडत होतं आणि बाबांना त्याचा पत्ताच नव्हता.

"कशी झालीय आखणी?" बाबांनी विचारलं. हात कोपरापर्यंत पांढरे, चेहरा उजळलेला.

"झकास," मास्तर म्हणाला.

बरोबरी झाली तरी लीगमधली जागा टिकणार होती, आणि सामना बरोबरीतच चालला होता. शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी बसली, आपल्यावरच. रेफ्रीला एक शब्द सांगितला असता तर टेप आली असती. पण कठड्याला टेकून बाबा उभे होते. प्रेक्षकांचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. मास्तरने उजवीकडे अंग टाकलं, चेंडू बोटांना चाटून आत गेला.

"मेहरबानी तुमची, मास्तर," कपडे बदलताना कॅप्टन म्हणाला. बाकीचे पाठ फिरवून बूट सोडत होते. एका म्हाताऱ्याच्या मानापायी आपण दहा जणांचं वर्ष मातीत घातलं, याची मास्तरला मनापासून लाज वाटली.

घरी जाताना बाबा हळूच म्हणाले, "पावलं बरोबर पडली होती ना रे? हल्ली मला खात्री वाटत नाही."

"मी टेप लावून बघितलं, बाबा. तंतोतंत."

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याचा दंड धरला. "मग तूच कमी पडलास," ते मायेने म्हणाले.

"हो," मास्तर म्हणाला. "मीच."