खाऱ्या पाण्याचा गळ

मित्रांनो, मी समुद्रातला एक जुना गळ आहे. समुद्रातला म्हणतो खरा, पण समुद्र मी दुकानाच्या काचेतूनच पाहिला. रत्नागिरीच्या धक्क्याजवळच्या त्या दुकानात माझा रुबाब मोठा होता. बोटभर लांब आकडा, दातेरी माशाने दोरा कुरतडू नये म्हणून तारेचा तुकडा आणि भरतीच्या ओढीत टिकून राहायला शिशाचं वजन.

एके दिवशी सोनाजी आले. सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावाहून ते रत्नागिरीत राहणाऱ्या मुलीकडे, सपनाकडे, पाहुणे म्हणून आले होते. सपनाचे सासरे प्रेमानंद मात्र सोनाजींच्याच भागात, वारंगा फाट्याला राहतात. त्यांनी एकदा स्वतः धरलेली मरळ सोनाजींना खाऊ घातली आणि पुढे प्रत्येक फोनवर तिची आठवण काढली. आता रविवारी ते सोनाजींकडे जेवायला येणार होते. त्यांच्या ताटात आपल्या हातचा मासा पडला नाही, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, याची सोनाजींना धास्ती होती.

दुकानदाराने विचारलं, "पाणी खारं की गोडं?"

सोनाजींच्या डोळ्यांपुढे घरामागची विहीर उभी राहिली. "खारंच हाये की. डाळ शिजत न्हाई त्याच्यात."

दुकानदाराने समुद्रात कधी डाळ शिजवली नव्हती. त्याने मला खाली काढलं. "ताजी कोळंबी लावा, नाहीतर हे सोडे भिजवून लावा," असं म्हणून वाळलेल्या कोळंबीची पिशवीही दिली. त्या पिशवीच्या कृपेने गाडीत आमच्या शेजारी वारंगा फाट्यापर्यंत कुणी बसलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही धरणावर गेलो. तिथल्या माशांच्या तोंडात मी मावेना. ते कडेकडेने सोडे कुरतडून खात आणि निघून जात. जाळं टाकायला आलेल्या दिपकने मला पाहून विचारलं, "काका, मासे धरून राहिले का म्हशी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिकाम्या हाताने घरी आलो, तर चुलीवर कालवण रटरटत होतं. पद्माबाईंनी उरलेले सोडे भिजवले होते. त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "तुमचा भरवसा नव्हता मला. सोड्याचा व्हता."

प्रेमानंद बोटं चाटून जेवले आणि व्याह्यांना म्हणाले, "ईवाई, मासा कंचा म्हनायचा ह्यो?"

सोनाजींनी मान खाली घातली. पद्माबाईच म्हणाल्या, "आमिष हाये ते. मासा आलाच न्हाई."

"म्हंजे गळाला मीच लागलो," प्रेमानंद म्हणाले आणि हसत हात धुवायला विहिरीवर गेले. घाईत दोराची गाठ सुटली आणि बादली बुडाली. सोनाजींनी मला दोराला बांधून आत सोडलं. शिशाच्या वजनाने मी थेट तळाला गेलो, चाचपडलो आणि बादलीची कडी धरली. आयुष्यातली माझी पहिली शिकार भरून वर आली.

प्रेमानंदांनी चूळ भरली आणि तोंड वाकडं केलं. "ईवाई, पानी लई खारं हाये तुमचं."

"म्हनून तर त्यो गळ आनला," सोनाजी म्हणाले.

आता गावात कुणाची बादली बुडाली की बोलावणं मलाच येतं. मला फार बरं वाटतं. मित्रांनो, एवढीच विनंती, काम झालं की मला कोरडं पुसून ठेवा. आणि मासे धरायला धरणावर जाल, तेव्हा मला नेऊ नका. तिथलं पाणी गोडं आहे.