आकाश हातभर खाली

मी पहाटेचा फोटो काढला की सोलापूरचं आकाश हातभर खाली येतं. आधी हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा ते पुष्कळ वर होतं.

त्या आकाशावरून माझे यजमान चालत जातात. चैत्रात एकदा उजाडायच्या आधी ते फिरायला गेले, रस्ता वर चढत गेला, तसे तेही गेले. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. फोटोत दिसतात, तेही सूर्य वर यायच्या आत. पहिल्या फोटोत तिळाएवढे होते. मग चालण्याची ढब ओळखू आली, डावा खांदा जरा पडलेला. मग अनवाणी तळपाय दिसू लागले. तोंड मात्र कायम पूर्वेकडे.

उन्हाळा सरता सरता आकाश जुन्या गिरणीच्या चिमणीला टेकलं आणि चिमणीचं टोक त्यात रुतलं. गच्चीवरचे पापड वाळेनात. घारी गल्लीतून उडू लागल्या. वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं खाली नातेवाइकांकडे राहायला गेली. मी गच्चीवर गुडघ्यांवर बसून फोटो काढत राहिले.

एका पहाटे घरमालकीण हत्तुरे काकू वाकत वाकत वर आल्या.

"गिरिजा, आता पुरे कर," त्या म्हणाल्या. "आमच्या थोरल्याला जिन्यातसुद्धा ताठ उभं राहता येत नाही."

"ते अजून वळले नाहीत, काकू."

"हाक मारलीस?"

"रोज मारते."

"काय म्हणून?"

"अहो म्हणून."

काकू माझ्याशेजारी बसल्या. "अहो म्हटल्यावर त्यांना काय कळणार गं? गावातली प्रत्येक बाई तेच म्हणते. नावानं मार."

 त्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही चारचौघांत, त्यांच्याकडे न बघता.

"अजून किती फोटो?" काकूंनी विचारलं.

"एकच. मग जागा उरणार नाही."

त्यांनी कठड्यावरून हात फिरवला. घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं होतं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना अंगणात नेते."

त्या जिना उतरून गेल्या. खालून दारं उघडल्याचे आवाज आले, मग भांड्यांचे, मग कुणी कुणाला उठवल्याचे. सगळं शांत झाल्यावर मी पाठीवर आडवी झाले, कॅमेरा छातीवर धरला आणि बटण दाबलं.

आकाश खाली आलं. पाण्याची टाकी चिरडली आणि पाणी माझ्या पाठीखालून वाहत गेलं. कठड्याच्या विटा एकेक करून अंगणात पडल्या. आकाश माझ्या नाकापाशी थांबलं. आता फोटोची गरज नव्हती. त्यांचा तळपाय माझ्या तोंडावरच होता, टाचेच्या भेगांसकट. मी तळवा त्याला लावला. मधे आकाश होतं, गार.

"रेवणसिद्ध," मी म्हणाले.

दुसरं पाऊल त्यांनी उचललेलं होतं. ते खाली टेकलं नाही.