मेघनाच्या मनगटाची तपासणी

नीलकंठराव कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले, पण तपासणी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. रांझी वस्तीतल्या घरात भाजीवाल्याचा टोमॅटो येवो की पाहुण्याचं आजारपण, आधी नापास करायचं आणि पुरावा आलाच तर मग विचार करायचा, अशी त्यांची पद्धत.

त्यामुळे सून मेघना म्हणाली, की उजवं मनगट अंगठ्याच्या बाजूनं दुखतंय, कढई उचलवत नाही, तेव्हा त्यांनी अरेरे म्हटलं आणि पाळत सुरू केली. नातू गौरांग चार महिन्यांचा. मेघना कुठे पडली नव्हती, हाताला सूज म्हणावी अशी दिसत नव्हती, आणि कणीक मळताना दुखणारा अंगठा मोबाईलवर मात्र सरसर धावत होता. कारखान्यात त्यांनी असे दुखरे हात पुष्कळ पाहिले होते. माणूस बेसावध असताना त्याच्यापुढे चहाचा भरलेला कप धरायचा, ही त्यांची हुकमी चाचणी. मेघनापुढे धरला. तिनं डाव्या हातानं घेतला.

"पक्की तयारी आहे," ते मनात म्हणाले.

मग मुलाला, तनयला, गच्चीवर नेऊन त्यांनी निकाल सांगितला, की हे दुखणं काम दिसलं की येतं. दोरीवरच्या चादरीपलीकडे मेघना लंगोट वाळत घालत होती. ती भांडली नाही. जिथे विश्वास नाही तिथे हात बरा व्हायचा नाही, एवढं म्हणाली आणि गौरांगला घेऊन नागपूरला आईकडे जायचं महिनाअखेरचं तिकीट काढून मोकळी झाली.

नीलकंठराव हादरले. नातू गेला तर घरात तपासायला उरणार फक्त शैलजाबाई, आणि बायकोला तपासायची हिंमत त्यांना उभ्या संसारात झाली नव्हती. त्यांनी गौरांगला उचलायचं काम स्वतःकडे घेतलं. सून थांबेल, शिवाय मूल उचलून मनगट दुखत नसतं हेही सिद्ध होईल. नातवाच्या बगलेत दोन्ही अंगठे घालून ते त्याला दिवसभर वर-खाली करत. गौरांग खूश होता.

थोड्याच दिवसांत नीलकंठरावांना बरणीचं झाकण उघडेना. त्यांनी स्वतःवरही संशय घेऊन पाहिला, पण कळ काही खोटी निघेना. ही बातमी त्यांनी घरात फुटू दिली नाही.

तनयनं शेवटी हाडांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. सगळेच निघाले, नीलकंठराव डॉक्टरवर नजर ठेवायला. रात्री बोटांना मुंग्या येतात का, हातावर कधी पडलात का, असं बाईंनी विचारलं. दोन्हीला नाही म्हटल्यावर त्यांनी मेघनाला अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीकडे वाकवायला सांगितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असं वाकवलं तर कोणाचंही दुखेल," नीलकंठराव म्हणाले.

"मग सगळेच करा," डॉक्टर म्हणाल्या.

तनयला काही झालं नाही. शैलजाबाईंना काही झालं नाही. नीलकंठराव खुर्चीतून अर्धे उठले.

अंगठा ओढणाऱ्या दोऱ्या मनगटाशी ज्या नळीतून जातात ती सुजली आहे, बाई म्हणाल्या. बाळाला सारखं उचलून बाळंतिणीला हे होतंच, हौशी आजोबांनाही होतं. अंगठ्याला पट्टा, बर्फाचा शेक, थोडे दिवस गोळ्या. मोबाईलवर अंगठा कमी फिरवा. बाळाला बगलेत अंगठे घालून नाही, खालून तळवे घालून, मनगट सरळ ठेवून उचला. नाहीच थांबलं तर इंजेक्शन. पट्टे त्यांनी दोन लिहून दिले.

परतताना तनय गाडी चालवत होता. कांचघरचा चौक मागे पडल्यावर नीलकंठराव समोर पाहत म्हणाले, "मेघना, माझा शेरा चुकला."

"ठाऊक आहे, बाबा. कधीपासून तुम्ही नळ डाव्या हातानं बंद करून राहिले."

"मग बोलली काहून नाही?"

"म्हटलं, बघू, किती दिवस नाटक करतात."

गौरांगला मांडीवर घेतलेल्या शैलजाबाई खिडकीबाहेर पाहून हसल्या. नीलकंठरावांनी खाकरून नागपूरचं विचारलं.

"तिकीट रद्द करते. पण आपल्या दोघांचे हात बांधलेले," मेघना म्हणाली. "गौरांगला आता तनय उचलेल. रात्रीसुद्धा."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तनयनं उजवं मनगट हळूच चोळून पाहिलं. मागच्या सीटवरून नीलकंठराव पुढे वाकले आणि नीट बघू लागले.