बसलेली गाय

झुल्मा बेंतांकोरने गुडघा गायीच्या खांद्याखाली रेटला, दावं दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि म्हणाली, "आता लावा जोर."

गायीचा मालक आदेमार सिल्वेरा याने पलीकडून पाठ लावली. आडवी पडलेली पालोमा हलली, कण्हली आणि पोटावर आली. ती पुन्हा कलंडू नये म्हणून झुल्माने तिच्या कुशीला वाळल्या गवताचे दोन गठ्ठे सारले. गायीने मान वळवून तोंड बरगड्यांवर टेकलं आणि तशीच राहिली. पहाटे व्यायली होती. वासरू कुंपणापाशी लटपटत उभं होतं, मधूनच ओरडत होतं. आईचा कानही हलत नव्हता. झुल्माने तो कान मुठीत धरून पाहिला. गार होता. नाकही कोरडं पडलं होतं.

आदेमारने हात विजारीला पुसले आणि कुंपणाच्या खांबावर ठेवलेली सुरी उचलली. ती सकाळीच धार लावून आणलेली होती.

"झुल्मा, जीव आहे तोवर उरकून टाक," तो म्हणाला. "मेल्यावर मांस कुत्र्यांना घालावं लागेल. तुझ्यासारखा हात दुसरा कुणाचा नाही. जनावराला कळत पण नाही."

हे तो तोंडदेखलं बोलत नव्हता. बावीस वर्षं त्याची जनावरं गावच्या कत्तलखान्यात जात होती आणि तिथल्या आवारात झुल्मा उभी असे. बुजलेला बैल तिने मानेवर हात ठेवला की मुकाट चालू लागे. गाडीतून उतरवताना जे जनावर बसलं आणि उठलं नाही, तेही कापायला तिच्याकडेच येई. दोन वर्षांपूर्वी कत्तलखाना बंद पडला. बाकीच्या बायका शहरात कामं शोधायला गेल्या. झुल्माने एक्कावन्नाव्या वर्षी पशुवैद्यकाच्या मदतनिसाच्या वर्गात नाव घातलं. वर्गातल्या विशी-बाविशीच्या मुली पहिल्या दिवशी तिला शिक्षिका समजून उठून उभ्या राहिल्या होत्या. हाडांची नावं पाठ करताना त्या रडकुंडीला येत. झुल्माला फक्त नावं नवीन होती, हाडं सगळी ओळखीची होती. परीक्षेत ती पहिली आली, आणि तिला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

आज सकाळी तिच्या शिक्षिका, आणि आता ज्यांच्या हाताखाली ती काम करायची त्या डॉक्टर माइते एचेनिके, यांचा फोन आला होता. डॉक्टरीणबाई दूरच्या एका गोठ्यावर अडकल्या होत्या, पोचायला तास तरी लागणार होता. व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरलं असणार, तुम्ही जवळ आहात, पुढे व्हा, गायीला आडवी पडू देऊ नका, तोंडात काही ओतू देऊ नका, आणि सुई मात्र मी आल्याशिवाय नाही, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला होता. झुल्मा मोपेडवरून दहा मिनिटांत आली होती.

"सुरी ठेवा, आदेमारभाऊ," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही."

"आणि तोवर गेली तर?"

"गेली तर गावभर माझ्या नावाने बोंब मारा. आधी मला गरम पाणी आणून द्या. बादलीभर."

आदेमारने तिच्याकडे पाहिलं, मग गायीकडे. त्याच्या घरी चुलीवर सकाळपासून माते या कडवट चहासाठी किटली असेच. पुटपुटत का होईना, तो गेला. सुरी मात्र बरोबर घेऊन गेला.

झुल्मा गायीशेजारी मातीत बसली. दर पाच मिनिटांनी ठोके मोजले, मनगटावर पेनाने लिहून ठेवले. पालोमाची मान मधूनच सैल पडे, तेव्हा ती मांडीवर घेई. एकदा गायीचे डोळे काचेसारखे झाले. असे डोळे झुल्माने पुष्कळ पाहिले होते. तिने मान वर उचलून धरली आणि पुन्हा मोजायला लागली.

डॉक्टरीणबाईंची गाडी आली तेव्हा तासावर वीस मिनिटं झाली होती. चिखलाने माखलेल्या माइते उडी मारूनच उतरल्या. झुल्माने त्यांच्या हातातल्या कॅल्शियमच्या बाटल्या घेऊन आधी कोमट पाण्याच्या बादलीत घातल्या आणि मनगट पुढे केलं. माइतेंनी आकडे वाचले, मान डोलावली. मग मानेची शीर दाबून सुई घातली. बाटली उंच धरायला आदेमारला उभं केलं, आणि स्टेथोस्कोप कानांना लावून झुल्मा गायीच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे वाकली.

अर्धी बाटली गेली असेल.

"खाली घ्या," झुल्मा म्हणाली. "बाटली खाली घ्या, औषध जोरात जातंय. ठोका चुकला."

आदेमारने घाईने हात खाली आणला. माइतेंनी तिच्याकडे पाहिलं. तिने बोट वर करून थांबायची खूण केली. वारा, वासराचं ओरडणं, आदेमारचा श्वास. मग तिने बोट खाली केलं.

"हं. आता हळूहळू."

दुसरी बाटली संपता संपता पालोमाच्या मांड्या थरथरू लागल्या. तिने मोठी ढेकर दिली. नाकावर दव पडावं तसे थेंब आले. आणखी थोड्या वेळाने गायीने मागचे पाय गोळा केले, एकदा घसरली, दुसऱ्यांदा उभी राहिली आणि भरपूर शेण टाकून वासराच्या दिशेने निघाली.

आदेमारने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग तिघांसाठी माते करायला आत गेला.

दोघी सामान आवरू लागल्या. माइतेंनी नळ्या धुतल्या, झुल्माने सुया वेगळ्या डब्यात टाकल्या.

"आदेमार तर फोनवरच कापायचं म्हणत होते. छान थोपवून धरलंत त्यांना," माइते म्हणाल्या. "मी असते तर इतक्या ठामपणे सांगता आलं नसतं. तुम्हाला खात्री कशी होती?"

"खात्री नव्हती. मला वाटलं, ही जाणार."

"मग?"

"तुम्ही वर्गात सांगितलं होतं, वाट बघायची. म्हणून बघितली." झुल्माने डब्याचं झाकण लावलं. "बावीस वर्षांत अशी बसलेली गाय उठलेली मी पाहिली नव्हती, डॉक्टरीणबाई. आमच्याकडे यायच्या. नुकत्याच व्यायलेल्या, मान अशी वळवलेली. लोक घाईने गाडीत घालून आणायचे."

माइतेंनी नळी झटकली.

"किती उठतात अशा?"

"वेळेवर औषध मिळालं तर," माइते म्हणाल्या, "बहुतेक सगळ्या."

"बहुतेक सगळ्या," झुल्मा म्हणाली.

पलीकडे वासराने आचळ शोधून काढलं होतं. पालोमा त्याची पाठ चाटत होती. झुल्मा बराच वेळ तिकडे पाहत राहिली. आदेमार माते घेऊन आला, तेव्हा तिने पेला घेतला, नळीने निवांत ओढून संपवला आणि परत दिला. मग गाडीच्या मागे वाकून औषधांची पेटी उघडली. कॅल्शियमची एकच बाटली उरली होती.

"उद्या फेरीला निघताना दहा-बारा तरी घेऊ या," ती म्हणाली. "आणि गाय बसल्याचा फोन आला की तुमचा पहिला फोन मला करा. मी जवळच असते."