कुलूप काढलेली पेटी

मित्रांनो, शेवगावकडच्या एका घराच्या पडवीत, शेळीच्या खुंट्याशेजारी जी गंजकी पत्र्याची पेटी पडलेली दिसते ना, ती मीच. हसू नका. एके काळी मी हिरवीगार होते आणि माझ्या झाकणावर दोन गुलाब होते. त्यातला एक रंगाऱ्याने घाईत काढल्यामुळे कांद्यासारखा दिसायचा. मला मात्र तोच जास्त आवडायचा.

नगरच्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं आणि मनकर्णाच्या लग्नात मी तिच्याबरोबर सासरी आले. आम्हा पेट्यांचं आयुष्य म्हणजे अर्धी झोपच असते. आत अंधार, नेसूंच्या, म्हणजे लुगड्यांच्या, घड्या आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास. बाहेरचं जग पत्र्यातून हळूहळू झिरपत येतं. जात्याची घरघर ऐकत मला डुलकी लागायची आणि मनकर्णाच्या बांगड्या वाजल्या की जाग यायची.

मनकर्णाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा माझा केवढा थाट झाला! तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. तिच्या सासूबाई, रंगुबाई, हरखून गेल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या चोळीचा तांबडा खण काढून बाळासाठी कुंची शिवली, तिला पिवळा गोंडा लावला आणि माझ्या पोटात ठेवली. उंदरांनी कुरतडू नये म्हणून मला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. शेजारणी आल्या की कुलूप निघायचं, कुंची दाखवली जायची. त्या दिवसांत मी फार मिरवून घेतलं.

मग ती दुपार आली. मनकर्णा कण्हत होती आणि मूल अडलं होतं. सुईण दगडाबाई ओरडली, "घरातली कुलपं काढा! गाठी सोडा समद्या!" आमच्याकडे बाळंतीण अडली की असंच करतात. घरात काही बांधलेलं, कोंडलेलं राहू द्यायचं नाही. बायकांनी वेण्या सोडल्या, पोत्यांची तोंडं सोडली, दावणीची कालवडसुद्धा मोकळी केली. पण उतरंडीमागे ठेवलेल्या मला सगळे विसरले.

बाळ आलं, पण रडलं नाही.

सगळं आवरल्यावर रंगुबाईंची नजर माझ्या कुलपावर गेली. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे पाहणं सोडलं. मूल माझ्या कुलपाने अडवलं, आणि ते कुलूप आपल्या हातचं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. ती न घातलेली कुंची उराशी धरून मी अंधारात पडून राहिले. मित्रांनो, पत्र्याला रडता येत नाही. तो नुसता गंजतो.

मोठा दुष्काळ पडला त्या साली मनकर्णाला पुन्हा दिवस गेले. तिचा नवरा कानिफनाथ दुष्काळी कामावर खडी फोडत होता. त्याने हट्टाने बायकोला नगरच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या वेळी पोटावर ऑपरेशन करूनच मूल काढायचं. पेटी भरून या, जुने मऊ कपडे आणा, बाळाची झबली-दुपटी धुऊन आणा.

घरात पेटी एकच. नाइलाजाने रंगुबाईंनी मला ओढून बाहेर काढलं. कुलूप काढून लांब कोनाड्यात ठेवलं आणि कुंची एका गाडग्यात टाकली. मग धुतलेली नेसूं, तांब्या, फुलपात्र, सुंठ, बाळंतशेप असं एकेक भरू लागल्या.

"आन् बाळाची कापडं, आत्याबाई?" मनकर्णाने भीत भीत विचारलं.

"न्हाई भरायची! मागं भरली हुती ती पुरं झाली." रंगुबाईंनी सुंठेची पुडी आत दाबली. "आदी त्याला येऊ दी."

 पण पहाटे मनकर्णा हलक्या पावलांनी आली, गाडग्यातली कुंची काढली आणि माझ्या अगदी तळाला सारली.  "आत्याबाईला कळू दिऊ नगंस," ती माझ्या कानाशी पुटपुटली. आता मला कान कुठले? पण ऐकलं मी.

एसटीत रंगुबाईंनी मला पायाशी घेतलं आणि झाकण उघडंच ठेवलं.

"आजी, झाकण लावा की. धक्क्यानं समदं सांडंल," कंडक्टर म्हणाला.

"सांडू दी. माझी सून मोकळी हुईस्तवर ह्ये लागायचं न्हाई."

कंडक्टर हसून पुढची तिकिटं फाडायला गेला. आणि मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा वाटभर आभाळ पाहिलं. खिडकीतून ते माझ्यात उतरत होतं, पांढरंफटक, उन्हाने धुतलेलं. वाळलेली बाभळीची झाडं वर तरंगत येत आणि निघून जात. मनकर्णाचा पदर माझ्या काठावर होता. हे बाळ रडू दे, एवढंच मी घोकत होते.

दवाखान्यात मनकर्णाला आत नेलं. रंगुबाई माझ्याशेजारी फरशीवर बसल्या आणि नुसत्या दाराकडे बघत राहिल्या. कानिफनाथ खडीने फुटलेले हात चोळत उभा होता.

दार उघडलं. नर्सबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. छान रडली! बाळाचे कपडे द्या."

रंगुबाई म्हणाल्या, "कापडं... न्हाई आनली, बाई."

"अहो, सांगितलं होतं ना? बाळ गारठेल की!"

रंगुबाईंनी घाईघाईने माझ्यात हात घातला. एक मऊ नेसूं ओढलं, आणि त्याच्याबरोबर तळाची कुंची वर आली. पिवळा गोंडा त्यांच्या बोटांत अडकला. त्यांचा हात थांबला. मी पत्र्याचा कण न् कण आवळून वाट बघत होते. आता ही कुंची त्या फेकून देतील, की मलाही?

आतून बाळ रडलं. सणसणीत, रागावलेलं रडणं.

रंगुबाईंनी कुंची डोळ्यांना लावली आणि नेसूंसकट नर्सबाईंच्या हातात दिली. "घाला तिला. नवीच हाय. कुनीच घातली न्हाई अजून."

संध्याकाळी मनकर्णा नीट शुद्धीवर आली. कुंचीतलं बाळ तिच्याशेजारी होतं. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरीणबाई म्हनल्या, माझं कमरंचं हाडच अरुंद हाय. मागल्या येळंलाबी तेच नडलं. कुलपाचं काय न्हवतं."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं! रंगुबाई पदर तोंडाला लावून रडल्या. केवढा बोळा निघाला म्हणून सांगू, त्यांच्याही छातीतला आणि माझ्याही. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवायची आमची रीत, पण घाईत विळा घरीच राहिला होता. रंगुबाईंनी कमरेची किल्ली काढली, माझ्या कुलपाची किल्ली, आणि बाळाच्या उशाखाली सरकवली. "ऱ्हा गं राखनीला," त्या किल्लीला म्हणाल्या. मग माझ्या झाकणावरून, त्या कांद्यासारख्या गुलाबावरून त्यांनी हात फिरवला.

ती मुलगी भागू. तिची दुपटी, पाटी-दप्तर, पुढे लग्नाचा शालू, सगळं मी सांभाळलं, आणि तिच्याबरोबर तिच्या सासरीही आले. कुलूप मात्र पुन्हा कधी लागलं नाही. आता घरात लोखंडी कपाट आलं आणि मी पडवीत आले. त्याचं मला वाईट वाटत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

पण मित्रांनो, जुन्या वस्तूवर उगाच बोल ठेवू नका. ती मुकी असते, तिला उलटून सांगता येत नाही. आणि कधी या वाटेने आलात, तर माझं उघडं झाकण बघून ते लावायला जाऊ नका. आत भागूची कोंबडी अंड्यांवर बसली आहे.